खाडीची मोजणी झाली, खाडीवाल्यांची कधी?

महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा लाभला आहे, हे वाक्य आम्ही शाळेत पाठ केले आणि आमच्या मुलांनीही केले. केंद्राच्या दप्तरात मात्र हाच किनारा वर्षानुवर्षे ६५२.६ किलोमीटरचा होता. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालाने तो आता ८७७.९७ किलोमीटरचा केला आहे. देशाचा किनाराही ७,५१६.६ वरून एकदम ११,०९८.८१ किलोमीटरवर गेला. समुद्राने कोणाला नवी जमीन बक्षीस दिली काय? मुळीच नाही. जुनी मोजणी ४५ लाखास एक या प्रमाणाच्या नकाशावर झाली होती. म्हणजे नकाशातला एक सेंटीमीटर हा प्रत्यक्षातला ४५ किलोमीटर. नवी मोजणी अडीच लाखास एक या प्रमाणावर झाली. प्रमाण बदलताच ज्या खाड्या, जी नदीमुखे, जी वळणे एका जाड रेषेखाली गाडली गेली होती ती वर आली. सव्वादोनशे किलोमीटर किनारा जागच्या जागीच होता. तो फक्त कागदावर नव्हता.

ही बातमी वाचून अनेकांना गंमत वाटली. आम्हाला मात्र धास्ती वाटली. न्यायालयात उभे राहून ज्यांचे आयुष्य गेले त्यांना ठाऊक असते की, जे कागदावर नाही ते खटल्यातही नाही. सव्वादोनशे किलोमीटरचा किनारा जर पन्नास वर्षे कागदातून गळून राहू शकतो, तर त्या किनाऱ्यावर गुडघाभर चिखलात उभे राहून तिसऱ्या काढणाऱ्या बाईची गत काय असेल?

सध्या खाड्यांच्या सर्वेक्षणाचे दिवस आहेत. कोणती झाडे, कोणते पक्षी, कोणते मासे, कोणते किडे यांची यादी करायची, त्यांचे वर्ग पाडायचे, आणि ते नकाशावर रंगवायचे, असे हे काम आहे. राज्य शासनाने २०१२ साली कांदळवन कक्ष स्थापन केला. ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली. २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला. हे सर्व स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. आमच्या लहानपणी तिवराला सरपणापलीकडे कोणी विचारीत नव्हते, आणि शहरातील बिल्डर मंडळी तर त्यावर रात्रीतून राबिट टाकून सकाळी प्लॉट पाडीत. तिवर, कांदळ, चिप्पी, काजळा, मरांडी ही नावे आज शासकीय कागदात आली हा चळवळींचा आणि न्यायालयीन लढ्यांचा विजय आहे.

पण यादी कशी होते, हे बारकाईने पाहिले पाहिजे. भारतीय वन सर्वेक्षण दर दोन वर्षांनी देशातील कांदळवनांचा आकडा देते. त्याच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्रातील कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर होते. २०२३ च्या अहवालात ते ३१५.०९ चौरस किलोमीटर आहे. साध्या माणसाला वाटेल, नऊ किलोमीटर घटले. अहवाल म्हणतो, १२.३९ किलोमीटर वाढले! हा चमत्कार कसा घडला? तर आधीचा आकडाच मागे जाऊन दुरुस्त करण्यात आला आणि वाढ त्या दुरुस्त आकड्यावरून मोजली गेली. आम्ही कोणावर लबाडीचा आरोप करीत नाही. तंत्र सुधारले की आकडा बदलणारच. आमचे म्हणणे एवढेच की, शासनाला आपला आकडा मागे जाऊन दुरुस्त करण्याची मुभा आहे. खाडीकाठच्या माणसाने मात्र पहिल्याच सुनावणीला, पहिल्याच कागदावर, बिनचूक पुरावा दिला पाहिजे. तो चुकला की कायमचा बाद.

शिवाय आकाशातून दिसते काय? झाडाचा शेंडा दिसतो. सत्तर टक्क्यांहून अधिक जमीन शेंड्यांनी झाकली असेल तर अति दाट, चाळीस ते सत्तर असेल तर मध्यम, दहा ते चाळीस असेल तर विरळ. एक हेक्टरपेक्षा लहान तुकडा हिशेबातच नाही. हे झाले झाडांचे. पण खाडी म्हणजे केवळ झाडे नव्हेत. ओहोटीला पाणी उतरले की जो काळा, चकाकणारा, वासाचा चिखल उघडा पडतो, खाडीचा खरा संसार तिथे चाललेला असतो. तिथे निवट्या उड्या मारतात, चिंबोरी बिळात दबा धरून बसते, खडकाला कालवे चिकटलेली असतात, वाळू-चिखलाच्या सांध्यात तिसऱ्या आणि खुबे असतात. भरतीबरोबर बोय आणि जिताडा आत येतो. कोळंबीचे पिल्लू याच उथळ पाण्यात वाढून मग समुद्रात जाते. त्या चिखलात सुतासारखे बारीक किडे असतात, त्यांच्यावर हजारो मैलांवरून येणारे चिखलपक्षी जगतात. हा संसार उपग्रहाला दिसत नाही. उपग्रहाच्या चित्रात तो एक करडा पट्टा असतो, आणि करड्या पट्ट्याला प्रकल्पवाल्यांच्या भाषेत 'पडीक' म्हणतात.

हा संसार मोजण्याची रीत शास्त्राने घालून दिलेली आहे आणि ती काही अवघड नाही. भरतीच्या रेषेपासून ओहोटीच्या रेषेपर्यंत सरळ दोरी टाकायची. ठराविक अंतरावर एक चौकट जमिनीवर ठेवायची आणि चौकटीच्या आत जे सापडेल ते मोजायचे. चिखलाचा ठराविक गोळा उचलून बारीक चाळणीवर धुवायचा, चाळणीत उरलेले जीव सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे. पाण्याचा खारेपणा, तापमान, गढूळपणा टिपायचा. हे एकदा नव्हे, भांगाला आणि उधाणाला, उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात करायचे. याला वर्ष लागते, आणि चिखलाची ओळख असलेली माणसे लागतात. नेमकी ही माणसे सर्वेक्षणाच्या पथकात नसतात. असलीच तर होडी वल्हवायला असतात.

आता कायद्याकडे वळू. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. ती २०११ मध्ये बदलली आणि १८ जानेवारी २०१९ रोजी पुन्हा बदलली. कांदळवने, कासवांच्या विणीच्या जागा, समुद्री गवत, पक्ष्यांची घरटी, नालखेकड्यांचे ठिकाण यांना सर्वांत वरचे संरक्षण आहे. त्यांच्याच पंगतीला चिखलाचे पट्टेही आहेत. पण एक विशेषण लावून. 'जैविकदृष्ट्या सक्रिय' चिखलपट्टा असेल तरच संरक्षण! आता भरती-ओहोटीच्या टापूत ज्यात जीव नाही असा चिखल शोधूनही सापडायचा नाही. मग सक्रिय कोणता आणि निष्क्रिय कोणता हे ठरविणार कोण? ज्याचे सर्वेक्षण झाले तो सक्रिय, ज्याचे झाले नाही तो गप्प. अशा एका विशेषणात गावेच्या गावे बुडतात, हे आम्ही वकील म्हणून सांगतो.

दुसरे उदाहरण घ्या. नदीत किती आतपर्यंत हा कायदा लागू, हे पाण्याच्या खारेपणावरून ठरते. वर्षातील सर्वांत कोरड्या दिवसांत हजार भाग पाण्यात पाच भाग मीठ जिथपर्यंत सापडेल तिथपर्यंत खाडी. त्याच्या पुढे नदी. म्हणजे बाटली कोणत्या दिवशी, भरतीला की ओहोटीला, उधाणाला की भांगाला भरली, यावर गावाचे नशीब. आणि २०११ साली खाडीकाठची नियंत्रित पट्टी १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीएवढी, यांपैकी जे कमी असेल ते, अशी होती. २०१९ मध्ये १०० चे ५० झाले. एका आकड्याने निम्मा काठ मोकळा केला, आणि कोणाच्या सोयीसाठी केला हे सांगण्यास ज्योतिषी नको.

मिठागरांचेही तेच. २०१७ च्या पाणथळ नियमांत पाणथळ जागेची जी व्याख्या आहे तिच्यातून मीठ पिकविण्यासाठी माणसाने केलेले पाणवठे वगळले आहेत. मिठागरावर हजारो पक्षी उतरोत, भरतीचे आणि पावसाचे पाणी ते पोटात घेवोत, व्याख्येत ते पाणथळ नाही. मुंबईतील २५५.९ एकर मिठागर जमीन धारावी पुनर्वसनाच्या घरांसाठी देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. धारावी म्हणजे मुळात मिठी नदीच्या मुखाजवळचा कोळीवाडा आणि दलदल. चर्मकारांनी, कुंभारांनी, दलित-मुस्लिम कष्टकऱ्यांनी ती दलदल घामाने भरून राहण्याजोगी केली. ती जमीन सोन्याची झाल्यावर ज्यांना 'अपात्र' ठरविले जाईल त्यांनी पुन्हा दुसऱ्या खाडीकाठच्या खारट जमिनीवर जायचे! पर्यावरणवाद्यांनी पक्ष्यांचा प्रश्न विचारला, तो बरोबरच होता. पण पुराच्या पाण्याच्या तोंडी कोणाची घरे जाणार, हा प्रश्न किती जणांनी विचारला?

प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालांत तर आणखी मोठी गोम आहे. प्रकल्पस्थळाची पायाभूत माहिती साधारणपणे एका हंगामाची मागितली जाते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून. कारखान्याच्या धुराड्यासाठी हे चालून जाईल. खाडीला हे कसे चालेल? खाडी म्हणजेच गोड्या आणि खाऱ्या पाण्याचा मेळ. कोकणात जून ते सप्टेंबर नदी भरभरून येते, खाडी गोडी होते, खारे जीव मागे सरतात, गोड्या पाण्याचे पुढे येतात, अनेक माशांची वीण याच काळात होते. जानेवारी ते मार्चमध्ये चौकट टाकून जी यादी होईल ती अर्ध्या खाडीची असेल. पावसाळा वगळून खाडीची पाहणी म्हणजे सुगी वगळून शेताची पाहणी.

काही वर्षांपूर्वी रायगड जिल्ह्यातील एका खाडीकाठी अशाच एका अहवालावर जनसुनावणी होती. कंपनीचे नाव इथे महत्त्वाचे नाही. आम्ही कोळीवाड्यातील आणि शेजारच्या कातकरी व बौद्धवाडीतील लोकांच्या वतीने गेलो होतो. जाडजूड अहवाल इंग्रजीत, मराठी सारांश मोजक्या पानांचा. त्यात प्रकल्पाच्या टापूत 'उल्लेखनीय मासेमारी आढळली नाही' असे वाक्य होते. होड्या मोजल्या गेल्या होत्या. त्या थोड्याच होत्या, हे खरे. एक पन्नाशीची बाई उठली. तिने विचारले, "साहेब, तुमची माणसं कोणत्या तिथीला आली व्हती?" मंचावरील कोणालाच प्रश्न कळला नाही. तिला म्हणायचे होते की अष्टमीच्या सुमारास, भांगाला, पाणी पुरते उतरत नाही, कालवांचे खडक उघडे पडत नाहीत, म्हणून त्या दिवसांत बाया खाडीत जात नाहीत. अमावस्या-पुनवेच्या उधाणाला पाणी लांबवर ओसरते, तेव्हा या. अहवालात पाहणीच्या तारखा होत्या. आम्ही तिथेच पंचांग मागवून पाहिले. बाई म्हणत होती तेच खरे होते. पथक भांगाला आले होते. त्याने रिकामी खाडी पाहिली आणि प्रामाणिकपणे 'रिकामी' असे लिहिले.

या बायांकडे होडी नाही, जाळ्याचा परवाना नाही, मच्छीमार सोसायटीचे सभासदत्व नाही. हातात कोयती, पाटी आणि कमरेला फडके. कातकरी बाया चिंबोरीच्या बिळात हात घालतात. त्यातून मीठ-मिरचीचा खर्च निघतो, मुलाच्या शाळेची वही येते आणि पावसाळ्याच्या बेकारीत घरात कालवण होते. बाजाराच्या आकडेवारीत हा मासा येत नाही, कारण त्यातला बराच बाजारापर्यंत पोचतच नाही. कातकरी ही तर केंद्राने विशेष असुरक्षित आदिवासी समूह म्हणून नोंदलेली जमात. ज्यांच्या नावावर जमीन नाही त्यांची शेती म्हणजे हा चिखल. आणि खाडीच्या चिखलाला सातबारा नसतो.

वर्गीकरण हा शब्द आम्हाला नवा नाही. माणसांचे वर्ग पाडून, वरच्याला मान आणि खालच्याला अपमान वाटून देणारी व्यवस्था या देशाने हजारो वर्षे चालविली. म्हणून कोणी वर्ग पाडू लागले की आम्ही विचारतो, हे वर्ग कोणी पाडले आणि कशासाठी? झाडा-प्राण्यांचे शास्त्रीय वर्गीकरण आणि जातिव्यवस्था एकच आहे असा बाष्कळ दावा आम्ही करणार नाही. शास्त्र चूक कबूल करते, नवे पुरावे मागते. धर्मशास्त्राने ते कधी केले नाही. आमचे भांडण शास्त्राशी नाही, अर्धवट शास्त्राशी आहे. चौकट टाका, पण उधाणाला टाका. यादी करा, पण जिचा हात त्या चिखलात चाळीस वर्षे आहे तिला विचारून करा.

आणि पुराव्याचे महत्त्व आम्ही कोणत्या खाडीवर शिकलो? सावित्रीच्या! डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघून दासगाव बंदरात उतरले आणि तिथून पायी महाडला गेले. ते दासगाव सावित्रीच्या खाडीवरचे. त्या मार्गावरची आगबोट केव्हाच बंद झाली, आणि त्या नदीत जाणाऱ्या रासायनिक सांडपाण्याविरुद्ध काठचे लोक वर्षानुवर्षे ओरडत आहेत. चवदार तळ्याचा खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की तळ्यावर फक्त आपलाच हक्क असल्याची अनादि काळापासूनची वहिवाट सवर्ण वादींना सिद्ध करता आली नाही. वहिवाट सांगणाऱ्यानेच ती सिद्ध करायची, हे तत्त्व तेव्हा आमच्या बाजूने उभे राहिले. आज खाडीवर तेच तत्त्व आमच्या लोकांवर उलटते. खरी वहिवाट त्यांची आहे, पण ती दाखविणारा कागद नाही. आणि ज्याची वहिवाट कधीच नव्हती त्याच्या हाती रंगीत नकाशा आहे.

कागद करण्याची संधी आली नव्हती असे नाही. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिने लोकांना विचारून करायची लोक जैवविविधता नोंदवही. नाव किती सुंदर! पण वर्षानुवर्षे कोणी हात लावला नाही. शेवटी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि त्यानंतर राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील असे बजावले, तेव्हा धावपळ झाली. अशा घाईत तयार झालेली एक नोंदवही आम्ही एका खाडीकाठच्या ग्रामपंचायतीत मागून पाहिली. त्यात साग होता, ऐन होता, बिबट्या होता. निवटी नव्हती. तिसरी नव्हती. एकाही बाईची सही किंवा अंगठा नव्हता. ग्रामसेवकांनी खासगीत सांगितले की भरलेली वही वरूनच आली. त्या बिचाऱ्याचा दोष नाही, पण उद्या कोणी न्यायालयात ही वही दाखवून म्हणेल, पाहा, गावकऱ्यांनीच लिहून दिले आहे की इथे निवटी नाही!

याच कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. तिच्यातून 'संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान' वापरणाऱ्यांना लाभवाटपातून सूट मिळाली. संहिताबद्ध म्हणजे ठराविक मान्य ग्रंथांत असलेले. ग्रंथात ज्यांचे ज्ञान गेले ते कोण, आणि ज्यांना ग्रंथाला शिवूही दिले नाही ते कोण, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. तोंडी ज्ञानाचे रक्षण कायद्यात आहे असे म्हणतात. पण ते सिद्ध करण्यासाठी पुन्हा नोंदवहीच लागणार, आणि नोंदवहीचा प्रकार वर सांगितला.

नकाशातून गाळल्याने काय होते याचे सर्वांत भयंकर उदाहरण महाराष्ट्रातले नाही, चेन्नईजवळच्या एन्नोर खाडीचे आहे. १९९६ मध्ये मंजूर झालेल्या तमिळनाडूच्या किनारा आराखड्यात या खाडीची सुमारे साडेसहा हजार एकर जागा संरक्षित दाखविली होती. पुढे २०१७ मध्ये माहितीच्या अधिकारात जो नकाशा मिळाला त्यात खाडीच नव्हती! मधल्या काळात तिथे बंदर वाढले, औष्णिक वीज केंद्रांची राख खाडीत साचली, कोळंबी पकडणाऱ्यांच्या पायाखाली चिखलाऐवजी राख आली. तिथल्या मच्छीमारांनी केले काय? नुसती घोषणाबाजी केली नाही. जुना नकाशा शोधून काढला, नव्याशी ताडून पाहिला, कुठे काय सापडत होते याची आपल्या भाषेतील नावे लावली आणि तो कागद घेऊन प्रशासनापुढे आणि न्यायाधिकरणापुढे उभे राहिले. ज्यांना अडाणी म्हटले जाते त्यांनी सरकारी नकाशातील चोरी उघडी पाडली.

आपल्याकडेही कायद्याने काही दारे उघडी ठेवली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी कांदळवनांच्या तोडीला मनाई करून त्यांचे नकाशे करायला लावले आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ती मनाई पक्की केली. कांदळवन तोडणे म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला, अशी या निकालाची भूमिका आहे. याच निकालांमुळे शासकीय जमिनीवरील कांदळवने वनखात्याकडे गेली. इथे मात्र एक दुधारी गोष्ट घडते. कांदळवन 'वन' झाले की चिंबोरी काढायला आत शिरणारी बाई 'अतिक्रमक' होते. बंदर आणि पूल बांधणाऱ्यांना रीतसर परवानग्या मिळतात. पाटीवालीला परवानगी कोण देणार?

उत्तर २००६ च्या वनहक्क कायद्यात आहे. त्याच्या कलम ३(१)(ड) मध्ये पाण्यातील मासे आणि इतर उत्पन्न घेण्याचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. डोंगरातील आदिवासींसाठी हे कलम आपण वापरतो, खाडीत वापरण्याचे कोणाला सुचत नाही. कांदळवन वन असेल तर वनातील लोकांचे हक्कही तिथे आलेच पाहिजेत. आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो, ही अट आमच्या बौद्ध आणि कोळी बांधवांना जड जाईल. पण शाळेचे जुने दाखले, मतदार याद्या, जन्म-मृत्यूच्या नोंदी, वयोवृद्धांचे जबाब हे सारे पुरावे होऊ शकतात.

किनारा अधिसूचनेतही एक तरतूद लोकांना सांगितली जात नाही. मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामाईक जागा, धक्के, मासे वाळविण्याची खळी हे सर्व गावाच्या मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर दाखविलेच पाहिजे, तसेच मासेमारीची आणि माशांच्या विणीची क्षेत्रेही. महाराष्ट्राच्या आराखड्याचे मसुदे निघाले तेव्हा कोळीवाडे आणि त्यांच्या जागा दिसत नाहीत अशी हरकत कोळी संघटनांनी घेतली ती याच आधारावर. त्या हरकतींत पाटीवाल्या बायांच्या जागा किती होत्या, हे पुरुष कार्यकर्त्यांनी मनाशी विचारून पाहावे. होडी लागते तो धक्का आपण आठवणीने सांगतो. कालवांचा खडक सांगायला विसरतो, कारण तिथे आपली आई जाते, आपण जात नाही.

नोंद असली तर काय होते याचाही दाखला आहे. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने उरण-पनवेल भागातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना बंदर आणि इतर प्रकल्पांमुळे झालेल्या नुकसानीपोटी सुमारे ९५ कोटी रुपये देण्याचा आदेश केला. भरतीचे पाणी अडले, मासेमारीच्या जागा गेल्या, हे तिथे सिद्ध करावे लागले. ज्या कुटुंबांची गणना झाली त्यांचीच ही संख्या आहे. ज्यांची झाली नाही ती या १,६३० मध्ये नाहीत.

जनसुनावणीच्या त्या गावात आता एक दोनशे पानी वही चालू आहे. बौद्धवाडीतील बारावी झालेली एक मुलगी ती लिहिते. रकाने तिने स्वतःच आखले आहेत: तिथी, पाणी किती उतरले, कुठला खडक किंवा कुठली खाजण, काय मिळाले, कोण गेले होते. मोबाईलवर जागेचा ठिकाणा येतो, तोही शेजारी टिपलेला असतो. कातकरी बायांनी सांगितलेली नावे आणि कोळणींनी सांगितलेली नावे वेगळी पडतात तेव्हा ती दोन्ही लिहिते. शास्त्रीय नाव लावण्यासाठी एका महाविद्यालयातील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक सुट्टीच्या दिवशी येतात, नमुना पाहतात आणि समोर पेन्सिलीने लिहितात. खात्री झाली की शाईने. पावसाळ्याचे चार महिने तिने एकही उधाण चुकविले नाही. या वहीच्या साक्षांकित प्रती आम्ही हरकतीला जोडून संबंधित कार्यालयात दिल्या आणि पोच घेतली. पोचेवर आवक क्रमांक आहे, शिक्का आहे, तारीख आहे. उत्तर अजून आलेले नाही. तोवर दर महिन्याच्या अमावस्येला आणि पुनवेला नवी पाने जोडून नवी पोच घ्यायची, असे बायांनी ठरविले आहे.